ड्रायव्हर नसलेली गाडी



चिंचवडच्या पोरांना गाडीचं अप्रूप नाही. कुणाचे पप्पा चाकणला जोडणीच्या लाईनवर, कुणाचे आजोबा आकुर्डीहून रिटायर झालेले, कुणाची आई भोसरीत वायरिंग हार्नेस बांधते. घरातल्या जेवणाच्या वेळासुद्धा शिफ्टवर ठरतात. अशा घरांतल्या नववीच्या मुलांपुढे मी वीतभर गाडी ठेवतो आणि सांगतो, हिला ड्रायव्हर नाही. तुम्ही सांगाल तेवढंच हिला कळणार.

साहित्य बेताचंच. आर्डुइनोचा बोर्ड, पिवळ्या गिअरबॉक्सच्या दोन मोटरी, मोटर ड्रायव्हर, सेल, आणि पुढे खाली तोंड करून बसवलेले दोन इन्फ्रारेड सेन्सर. पांढऱ्या फरशीवर काळी चिकटपट्टी लावली की झाला रस्ता. सेन्सर खाली प्रकाश टाकतो. पांढऱ्यावरून तो परत येतो, काळ्यावरून फारसा येत नाही. किती आला, ते बोर्डाला ० ते १०२३ मधल्या आकड्यात कळतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी झकास पळालेली गाडी चार वाजता खिडकीजवळच्या वळणावर आली की सरळ बाकाखाली घुसायची. मुलांनी सेल बदलले, प्रोग्राम तीनदा उलटापालटा केला. मला कारण कळलं होतं, पण मी जीभ चावून गप्प बसलो. मास्तराला याहून अवघड काम नाही. शेवटी एका मुलीने वैतागून दप्तर खिडकीसमोर आडवं धरलं, आणि गाडी गुमान वळली! तिरकं ऊन आत आलं होतं. उन्हातही इन्फ्रारेड असतंच. त्या झोतात गाडीला काळी पट्टीही पांढरीच वाटत होती. मग मुलांनी सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा केला. टांग्याच्या घोड्याला लावतात तशी झापडं!

दुसरी खोड नागमोडी चालण्याची. 'सर, हिने घेतलीय,' असं वर्गात ठरलेलं. कारण साधं आहे. जरा चुकली की पुरतं वळायचं, एवढंच तिला शिकवलेलं. मग दोन्ही सेन्सरच्या आकड्यांत फरक जेवढा, तेवढंच वळायला सांगितलं. चूक पाहून तेवढंच वळायचं, ही युक्ती जुनीच. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूचं गणित मांडलं, तेही कसलेला सुकाणूवाला काय करतो हे बघून. तो जहाज किती भरकटलं एवढंच पाहत नाही. किती वेगाने भरकटतंय, कधीपासून भरकटतंय, तेही पाहतो.

हाताने करून, चुकून शिकण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. चाकणपासून फार लांब नसलेल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणात हातकामाला मानाची जागा दिली. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब उभी राहिली. शाळांसाठी अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ची, म्हणजे बरीच नंतरची.

माझी तक्रार आहे ती तयार प्रोग्रामबद्दल. स्पर्धेच्या आदल्या रात्री कुठून तरी उतरवलेला प्रोग्राम बोर्डावर चढवायचा, आणि गाडी पळाली की व्हिडिओ काढायचा. अशी गाडी पळते खरी, पण अडली की सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

एकदा एकाचे वडील मुलाला न्यायला आले. कारखान्यात मेंटेनन्सला. दुसऱ्या पाळीला जायची घाई. गाडी मधेच थांबत होती, पुन्हा चालू होत होती. पोरगं स्क्रीनवर डोळे लावून ओळ न् ओळ तपासत होतं. त्यांनी प्रोग्रामकडे पाहिलंही नाही. उकिडवे बसले आणि एकेक वायर बोटाने हळूच हलवत गेले. चौथ्या वायरला गाडीने उडी मारली.

'पप्पा, तुम्हाला कसं कळलं?'

'लाईन बंद पडली की आधी प्लग हलवून बघायचा,' ते म्हणाले, आणि टिफिन उचलून बस गाठायला निघाले.