लोणारचे पाणी आणि पेशीचा कारभार

सन्माननीय अध्यक्ष महाराज, दूरदूरच्या विद्यापीठांतून आलेले प्रतिनिधी आणि जिल्ह्यातील बंधुभगिनींनो,

ज्या भूमीत सिंदखेडराजा येथे राजमाता जिजाऊंचा जन्म झाला आणि जिथे शेगावी श्रीगजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्यास कुणी परका मानीत नाही, त्या बुलढाणा जिल्ह्यात, नियामक प्रथिनांच्या कुळांचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

इतक्या सूक्ष्म विषयाची परिषद महानगरे सोडून वऱ्हाडातल्या या जिल्ह्यात का भरवावी, अशी पृच्छा होणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर लोणारला आहे. उल्कापाताने काळ्या बसाल्टात कोरलेल्या त्या विवरातील खारे, अल्कधर्मी पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तो रंग लवणप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे सांगितले. डोळा नाही, मज्जातंतू नाही, अशा या एकपेशीय जिवांपैकी हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम याचा प्रयोगशाळेत पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्याच्या पटलातील रोडॉप्सिन प्रथिनाला प्रकाशाची जाणीव झाली, की तिची वर्दी ची-ए नावाच्या किनेजापर्यंत पोचते. ते एटीपीचा फॉस्फेट प्रथम आपल्याच हिस्टिडीनवर घेते, मग ची-वाय या प्रथिनाच्या ॲस्पार्टेटवर चढवते, आणि कचेरीतला कागद जसा शिक्कामोर्तब झाल्यावरच अंमलात येतो, तसे ते फॉस्फेटयुक्त ची-वाय कशाभिकेच्या मुळाशी जाऊन जिवाच्या पोहण्याची दिशा पालटते. फॉस्फेट गळून पडताच तो हुकूम रद्द होतो. आणि हुकूम वेळेवर रद्द होणे हे त्याच्या बजावणीइतकेच महत्त्वाचे असते, कारण त्यावाचून पुढची वर्दी ऐकण्यास पेशी मोकळी होत नाही.

ची-एसारखे हिस्टिडीन किनेज आणि ची-वायसारखे प्रतिसाद-नियामक यांचे हे कुळ आमच्या शिवारातही नांदते. मोहरीच्या कुळातील अरॅबिडोप्सिस या वनस्पतीत १९९३ साली इथिलीन या संप्रेरकाचे आणि २००१ साली सायटोकायनिन या संप्रेरकाचे ग्राही प्रथिन ओळखले गेले, आणि दोहोंची घडण हिस्टिडीन किनेजांशी जुळणारी निघाली. घाटाखाली पऱ्हाटीची पातेगळ होते तिच्यामागे इथिलीनचा हात असतो. घाटावर सोयाबीनचे पान हिरवे टिकते त्यात सायटोकायनिनचा वाटा असतो. प्राण्यांच्या पेशींत मात्र हे कुळ आढळत नाही. म्हणूनच व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाची चाहूल लागताच याच कुळातील व्हॅनएस आणि व्हॅनआर या जोडीच्या बळावर स्वतःचा बचाव करणाऱ्या एन्टेरोकॉकस जीवाणूंची ही यंत्रणाच बंद पाडता आली, तर रुग्णाच्या पेशींना धक्का न लागता ते औषध पुन्हा गुणकारी ठरेल, अशी आशा बाळगण्यास आधार आहे. तळ्यातला सूक्ष्मजीव, शेतातले पीक आणि रुग्णालयातला रोगी यांना एका सूत्रात पाहण्याची दृष्टी ज्या विषयाने येते, तो आम्हा शेतकऱ्यांच्या जिल्ह्याला परका कसा असेल?

सभ्यजनहो, लोणारच्या पाण्याचा तपास पुण्यात आणि नागपुरात झाला, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु ज्या तालुक्यात हा निसर्गाचा ठेवा आहे, तेथील मुलामुलींना तो अभ्यासण्याची विद्या याच जिल्ह्यात मिळावी, ही आमची आग्रहाची मागणी आहे. खामगाव, चिखली, मेहकर येथील विद्यार्थी आज या सभागृहात बसले आहेत. त्यांच्या शंका संकोच न ठेवता ऐकून घ्याव्यात, आणि परतल्यावर आपापल्या प्रयोगशाळेत त्यांच्यापैकी एकेकाला तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करण्यास जागा द्यावी, एवढे आपणांपाशी मागतो.

आमच्या स्वागताचा स्वीकार करावा, आणि अध्यक्ष महाराजांनी परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.