बहिणीच्या लग्नात कोण वाजवणार?

मी संगीतातला माणूस नाही. इंजिनीअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. पण मागच्या वर्षी मिरजेत धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि 'वाजवणार कोण' या एका प्रश्नावर घरात तीन आठवडे भांडण चाललं. त्याबद्दल बोलायला मला आज उभं केलंय.

चुलतभावांना डीजे हवा होता. अब्बांना काहीच नको होतं, कारण निकाह पढवणाऱ्या मौलानांचा निरोप आला होता: बाजा वाजला तर मी येणार नाही. बहिणीला काय हवं, हे दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुणी विचारलंच नाही. मीही नाही. तिला सनई हवी होती.

हे भांडण मिरजेत व्हावं याचं मला आजही हसू येतं. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी इथे सतार-तंबोरे घडवले. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. उस्ताद अब्दुल करीम खाँ इथल्याच मीरासाहेब दर्ग्यात दफन आहेत, आणि उरुसात तिथे दरवर्षी गाणं होतं. आमच्या घरात मात्र एकच वाक्य: "हमारे में नै चलता."

मौलानांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. वाद्यं हराम मानणारे आलिम पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे आधारही आहेत. पण बुखारीतच रुबय्यी बिन्त मुअव्विज यांच्या लग्नाची हकीकत आहे. मुली दफ वाजवून बद्रच्या शहिदांबद्दल गात होत्या आणि पैगंबर (स.) तिथे बसले होते. उद्याचं जाणणारा नबी आमच्यात आहे, असं एकीने म्हटलं, तेव्हा ते सोडून दे आणि आधीचं चालू ठेव, एवढंच त्यांनी सांगितलं. आता कुणी म्हणेल, दफ चालतो, सनई नाही. ठीक. पण इब्न हज्मसारखा विद्वान वाद्यांना हराम ठरवणाऱ्या हदीस कच्च्या मानतो. अब्बांना मी म्हणालो, तुम्ही एका मताचे राहा, पण दुसऱ्या मताचा माणूस दीनबाहेर जात नाही.

डीजेचा प्रश्न माझ्या मते धर्माचा नाहीच. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. चुलतभावाच्या वरातीत मी मोबाईलवर मोजलं, आकडा शंभर. मोबाईल अचूक नसतो. दहाची चूक धरली तरी मर्यादेच्या तीन हजार पटींहून जास्त. समोरच्या घरात ओली बाळंतीण होती. "त्यांच्या मिरवणुकीत चालतं की!" हे मला मिळालेलं उत्तर. तिथेही चालू नये, इथेही नको.

रतजग्याला खाला आणि शेजारणींनी ढोलकी घेतली. गुलगुले तळता तळता नानीची गाणी निघाली. स्पीकर लागला नाही. दोन गाण्यांची शेवटची कडवी मात्र कुणालाच आठवेनात. नानी असताना मी ती रेकॉर्ड केली नाहीत. खिशात फोन होता.

सनईवाले चाचा आपल्यातलेच. आयुष्यभर देवळांत आणि हिंदू लग्नांत वाजवलं. "आपल्या घरच्या लग्नाचं बोलावणं वीस वर्षांत पहिल्यांदा आलं," म्हणाले. अर्धे पैसे आधी द्यायचे ठरले, आणि साथीदारांसह जेवण पाहुण्यांच्याच पंगतीत. ही अट बहिणीची.

निकाहच्या वेळी सनई थांबेल, असं मौलानांना कळवलं. तरी ते आले नाहीत. पण निकाहला लागतं काय? दोघांची कबुली, साक्षीदार, मेहर. खुतबा मामूंनी पढला. दोन नातेवाईक उठून गेले, ते अजून आमच्याकडे येत नाहीत.

रुखसतीला सनई वाजली तेव्हा अब्बा हॉलबाहेर गाड्यांपाशी उभे होते. या विषयावर ते आजही माझ्याशी बोलत नाहीत. चाचांचे उरलेले पैसे मात्र त्यांनीच दिले, दोनदा मोजून, पाकिटात घालून.