माळ मागावी लागते



आम्ही चौथी शिकलेले. वावरात वखर आणि देवळात वीणा, एवढीच आमची विद्या. समितीनं सांगितलं, महाराज, दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला. म्हणून उभे राहिलो. चुकलंमाकलं पदरात घ्या.

मागं बैठकीत एक जण म्हणाला, "महाराज, नवीन लोक कमी येऊन राहिले. दुसऱ्या पंथाचे लोक घरोघरी जातात, पुस्तकं वाटतात. आपणही फॉर्म छापू, गावोगाव फिरू." त्याची तळमळ खरी होती. पण आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

कारण आपल्या पंथाची रीत उलटी आहे. आपल्यात माळ मागावी लागते. मागणाऱ्यालाही जाणता वारकरी आधी विचारतो, वारी चुकवणार नाहीस ना? एकादशी धरशील? दारू-मटण सोडशील? रोज हरिपाठ म्हणशील? सगळ्याला हो म्हटलं, तेव्हा माळ गळ्यात पडते. म्हणजे आपण माणसाला ओढत नाही, थांबवून विचारतो. तरी सातशे वर्षांहून जास्त वारी चालू आहे. काहून?

आमच्या वडलांचं सांगतो. ते काही वारीचे नव्हते. एका सालच्या जेठ महिन्यात दिंडी गावावरून चालली होती. वडील वखर थांबवून धुऱ्यावर उभे. एक म्हातारा वारकरी आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. "माऊली" म्हणाला आणि पुढं गेला. वडलांच्या पाया जन्मात कोणी पडलं नव्हतं. उपदेश एका अक्षराचा नाही. पण पुढल्या साली वडील आपल्या पायानं दिंडीत आले.

आता आमची चूक सांगतो. थोरल्या पोराच्या गळ्यात आम्ही जबरीनं माळ घातली. कीर्तनकाराचं पोरगं बिनमाळेचं, लोक काय म्हणतील, ही भीती. दोन वर्षांनी त्यानं माळ काढून देवघरात ठेवली. आमच्याशी बोलणंही कमी केलं. धाकट्याला आम्ही काहीच म्हटलं नाही. तो आज याच दिंडीत पखवाज वाजवतो. थोरल्याची अजून वाट पाहून राहिलो.

बोलावून माणूस येत नाही, वागणुकीनं येतो. आणि जातो तोही वागणुकीनंच. आपण नागपूरचे लोक, दीक्षाभूमी आपल्या उशाशी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं लाखो माणसांसंगं बौद्ध धम्म घेतला. काही जण म्हणतात, आपले लोक नेले. कोणी नेले नाहीत, मायबाप. १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं, हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतरही ते २१ वर्षं थांबले. आपण काय केलं? आपल्या पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पण त्यांच्या जातीला देवळात जायला १९४७ साल उजाडावं लागलं. तेही साने गुरुजींनी जीव पणाला लावून उपोषण केलं तेव्हा. तोंडात "माऊली" आणि हातात कुलूप, असा आपला कारभार होता. जे गेले त्यांना दोष देऊ नका. ते सन्मानानं जगायला गेले.

आणि जिथं दार उघडं असतं तिथं पहा. आपल्या ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर हिंदू जातात, धर्म बदल असं त्यांना कोणी म्हणत नाही. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथं आरती होते. तिथं कोणी कोणाला आपल्यात घेतलं नाही, तरी माणसं जोडलेली आहेत.

म्हणून हात जोडून विनंती, फॉर्म छापू नका. तो पैसा पंगतीला लावा. नवा माणूस आला तर जात विचारू नका, जेवला का ते विचारा. तळावर त्याला आधी जागा द्या, हातात टाळ द्या. तो माळ मागेल तर द्या. नाही मागितली, तरी पुढल्या साली त्याला ओळख द्या.

आमचा थोरला एखादे दिवशी या मंडपात येऊन मागं उभा राहिला, तर त्याला "इतके दिवस कुठं होतास" असं कोणी म्हणू नका. जरा सरकून जागा द्या, एवढंच.

रामकृष्ण हरी!