कुरळ्या केंसांचें कंडिशनर

ज्या घरांत एखाद्या मुलीचे केंस दाट व कुरळे असतात, तेथें न्हाण्याचा दिवस क्वचितच सुखाचा जातो. फणी अडकते, केंस तुटतात, मुलीच्या डोळ्यांना पाणी येतें आणि आई त्रासून म्हणते, "केंस आहेत कीं काथ्या!" वास्तविक दोष मुलीचा नाहीं आणि केंसांचाहि नाहीं. डोक्याच्या त्वचेंतून स्रवणारें स्निग्ध द्रव्य सरळ केंसावरून सहज टोकापर्यंत उतरतें. कुरळ्या केंसाच्या वळणांवर तें अडून राहतें. मुळाशीं तेलकट आणि टोकाशीं रखरखीत, असा विचित्र प्रकार त्यामुळें घडतो. शिवाय केंसावरील सूक्ष्म खवले वळणाच्या जागीं उचलले जाऊन एकमेकांत गुंततात.

त्यांत अंगाचा साबण डोक्याला लावला म्हणजे दुष्काळांत तेरावा महिना! साबण अल्कधर्मी असल्यानें खवले अधिकच उघडतात, आणि पाणी जड असेल तर त्याचा चिकट साका केंसांवर बसतो. शिकेकाई पुष्कळच सौम्य. मात्र तिचा काढा नीट गाळावा, नाहीं तर चोथा कुरळ्यांतून निघतां निघत नाहीं.

बाजारी कंडिशनरांतील मुख्य द्रव्यांवर धन विद्युद्भार असतो व केंसावर ऋण; म्हणून तीं केंसाला धरून राहतात. घरच्या पदार्थांनीं हें तंतोतंत साधत नाहीं, हें आधींच मान्य केलेलें बरें. अंड्याची कीर्ति मोठी, पण त्यांतील प्रथिनांचे रेणू केंसांत शिरण्याइतके लहान नसतात. आणि कढत पाण्यानें धुवावयास गेल्यास अंडें केंसांतच शिजतें.

साधण्याजोगा उपाय म्हणजे चटणीचें जवस. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यांत मंद आंचेवर ढवळीत राहावें. आठ-दहा मिनिटांत पाण्याला कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी तार येऊं लागतांच भांडें उतरवावें. येथेंच पुष्कळ जणी फसतात. रस आणखी दाट होऊं दिला, कीं निवल्यावर तो फडक्यांतून गळतच नाहीं. म्हणून गरम असतांनाच, हात संभाळून, पातळ फडक्यांतून गाळावा. या बुळबुळीत रसाचा तलम थर केंसावर बसतो, ओलावा टिकतो व फणी सरूं लागते. त्यांत लिंबू पिळूं नये. लिंबाचा रस कातडीला लागून ऊन पडल्यास कातडी भाजते.

तेलहि त्यांत मिसळूं नये, कारण तें वेगळें होऊन वर तरंगतें. तें आदल्या रात्रींच लावावें, आणि तें खोबरेलच असावें. मुंबईंतील दोन संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तुलनेंत खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल यांपैकीं केंसांतील प्रथिनांची झीज स्पष्टपणें कमी केली ती एकट्या खोबरेलानें.

न्हाणें झाल्यावर केंस निथळत असतांनाच दोन-तीन चमचे रस मधल्या भागापासून टोकांपर्यंत चोळावा, रुंद दातांच्या फणीनें टोकांकडून वर गुंता सोडवावा आणि थोडें पाणी ओतावें. पंचानें खसाखसा पुसूं नये.

या रसांत तो टिकविणारें कांहींच नसतें. जंतूंना तो आयताच खुराक. शीतकपाटांतहि तो आठवड्यापलीकडे ठेवूं नये. आंबूस वास आला कीं खुशाल टाकून द्यावा आणि पुढच्या न्हाण्याला पाव वाटी जवस नव्यानें शिजवावें.