उचलू नका, सरकवा

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात अहिल्याबाई घाट येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा मी इंजिनांविषयी काहीतरी सांगेन अशी अनेकांची अपेक्षा होती. इंजिनांविषयी आपण वर्षभर बोलतोच. आज मी एका लाकडी फळीविषयी बोलणार आहे. लांबी साधारण ७० ते ७५ सेंटिमीटर, रुंदी २० ते २५. इंग्रजीत तिला ट्रान्सफर बोर्ड म्हणतात, मी सरकफळी म्हणतो. पलंगावरून चाकांच्या खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर बसल्याबसल्या सरकत जाण्यासाठी मधे टाकायचा हा एक छोटा पूल आहे.

चतुर्थीला आपण बाप्पांना आणले तेव्हा मूर्ती कशी उचलली ते आठवा. दंडाला धरून कोणी उचलले का? पाटाखाली हात घातले, कारण हाताला धरले तर हात निखळेल हे पाच वर्षांच्या पोरालाही कळते. मात्र घरातल्या आजारी माणसाला उचलताना हे शहाणपण आपल्याला सुचत नाही. एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि 'एक, दोन, तीन' म्हणून त्याला पोत्यासारखा खुर्चीत टाकतात. अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार राहिलेला नसतो. त्या हाताला धरून ओढले की खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि ते दुखणे महिनोन्महिने जात नाही.

उचलणाऱ्याचे काय होते तेही पाहू. हिशेब सोपा आहे. समजा, माणसाचा ३० किलो भार तुमच्या हातात आला आणि तुम्ही वाकलेले असल्यामुळे तो तुमच्या कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे आहे. पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना आठपट, म्हणजे २४० किलोचा ताण द्यावा लागतो आणि तो सगळा कमरेच्या मणक्यांवर येतो. तुमच्या स्वतःच्या धडाचे वजन यात धरलेले नाही. दिवसातून सहा-आठ वेळा हे करणारी व्यक्ती बहुतेक घरांत साठी ओलांडलेली बायको असते.

आता फळीचा हिशेब. सुती कपडा आणि गुळगुळीत लाकूड यांच्यातला घर्षणांक ०.३ धरला, तर ६० किलोच्या माणसाला आडवे सरकवायला सुमारे १८ किलोचा जोर पुरतो. त्यातही पाय जमिनीवर टेकलेले असतात आणि एक धड हात स्वतः रेटा देतो, त्यामुळे मदत करणाऱ्याच्या वाट्याला आणखी कमी येते. आपल्या कारखान्यात १२३ टनांचे इंजिन उचलायला क्रेन असते. घरात क्रेन नाही, तेव्हा उचलण्याचा विचारच सोडून द्यायचा.

आपल्याच वस्तीतले एक जोडपे आहे, नावे सांगत नाही. काकांना अर्धांगवायू झाला. मुले पुण्याला आणि बंगळुरूला. काकू एकट्या त्यांना उठवत-बसवत. आठ महिन्यांनी काकूंच्याच कमरेचा एक मणका दबला आणि त्यांना डॉक्टरांनी पाच किलोसुद्धा उचलायचे नाही म्हणून सांगितले. त्यानंतर शेजारची पोरे येऊन काकांना उचलत. पोरे गुणी होती, पण काकांनी खुर्चीत बसणेच सोडले. "दिवसातून दोनदा चार पोरांनी उचलायचे, त्यापेक्षा पडून राहिलेले बरे," असे ते मला म्हणाले. पडून राहिल्याने पाठीवर व्रण पडायला लागले. त्या घरात फळी आली तेव्हा पहिला आठवडा काका घाबरले, चिडले, एकदा फळी फेकूनही दिली. तीन आठवड्यांनी ते काकूंच्या फक्त हाताच्या आधाराने खुर्चीवर येऊ लागले. गेल्या वर्षी आरतीला ते खुर्चीत बसून होते, आपल्यापैकी अनेकांनी पाहिले.

आता पद्धत. ही नीट ऐका, कारण फळी चुकीची लावली तर माणूस पडतो.

खुर्ची पलंगाला समांतर न लावता थोडी तिरपी, साधारण तीस अंशांत लावा. मोठे चाक बैठकीपेक्षा वर आलेले असते. खुर्ची तिरपी असली की चाक मागे राहते आणि फळी त्याच्या पुढून जाते. अर्धांगवायू असेल तर खुर्ची धडधाकट बाजूला ठेवा. मग ब्रेक. रेल्वेतल्या मंडळींना सांगायला नको की, उभी केलेली गाडी हँडब्रेक आणि पाचर लावल्याशिवाय सोडत नाहीत. खुर्चीचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर ब्रेक ओढलेला दिसतो, पण धरत नाही. म्हणून आधी हवा, मग ब्रेक, मग खुर्ची हलवून खात्री. पलंगाच्या बाजूचा हात काढून ठेवा आणि पावठे बाजूला करा.

दोन्ही बैठकी एका उंचीच्या असाव्यात. खुर्चीची बैठक साधारण ५० सेंटिमीटर असते, आपल्याकडचे तखत बहुधा त्याहून खालचे. तखताखाली सुट्या विटा रचू नका, एक दिवस त्या सरकतील. सुताराकडून खाचेचे लाकडी ठोकळे करून घ्या, पाय खाचेत बसला पाहिजे.

मग माणसाला दुसऱ्या बाजूला किंचित झुकवा आणि फळीचे टोक मांडीखाली सारा. फळीचा सुमारे तिसरा हिस्सा त्याच्या खाली आणि दुसरे टोक समोरच्या बैठकीवर भक्कम टेकलेले हवे. फळीच्या कडेखाली बोटे घालू देऊ नका, चेंगरतात. पाय जमिनीवर सपाट. धड थोडे पुढे, डोके जायच्या दिशेच्या उलट. डोके डावीकडे गेले की बैठक उजवीकडे हलकी होते, ही निसर्गानेच दिलेली तरफ आहे. एका झपाट्यात न जाता चार-पाच छोट्या सरकांत जायचे. मदतनीसाने समोर उभे राहून आपले गुडघे त्याच्या गुडघ्यांपुढे ठेवावेत आणि कमरेच्या रुंद पट्ट्याला धरावे, हाताला नाही. उघड्या अंगाने फळीवर कधीही बसवू नका. कातडी लाकडाला चिकटते आणि सोलवटते, आणि जिथे संवेदना नाही तिथे माणसाला ते कळतही नाही.

फळी विकत मिळते, तशी सुताराकडून करूनही घेता येते. १८ मिलिमीटरचे आय.एस. ७१० मार्क असलेले मरीन प्लाय घ्या. दोन्ही टोके खालच्या अंगाने तासून पातळ करा, म्हणजे ती मांडीखाली सहज शिरतात. कडा गोल, घासकाम काचेसारखे, वर पॉलिशचे दोन-तीन हात. खिळा किंवा स्क्रू एकही नको. क्रेनची चाचणी आपण क्षमतेच्या सव्वापट वजनाने घेतो, इथे दुप्पट घ्या. सारख्या उंचीच्या दोन भक्कम बाकांवर फळी ठेवून तेवढे वजन लादा. आमचे खजिनदार या कामासाठी स्वखुशीने उपलब्ध आहेत असे ते म्हणाले आहेत.

खुर्ची घेताना एक गोष्ट विचारा: हात निघतात का? स्वस्त खुर्च्यांचे हात पक्के जोडलेले असतात आणि मग फळी आडवी घालताच येत नाही. दानात खुर्ची देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. आपल्याकडे खुर्ची दान केल्याचा फोटो निघतो, पण ती वापरता येते का हे पाहायला कोणी जात नाही.

काही जणांसाठी फळी नाही. ज्याला आधारानेही बसता येत नाही, ज्याच्या बैठकीवर व्रण आहेत, किंवा ज्याच्या खुब्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. इतरांनीही पहिल्या काही वेळा फिजिओथेरपिस्टसमोर कराव्यात.

मला इथेच एकाने विचारले, फळीवरून नावेत जाता येईल का? मी नको म्हणेन. नाव डोलते, गंगेची पातळी रोज बदलते आणि फळीचे दुसरे टोक स्थिर नसेल तर तो पूल राहत नाही. या घाटाच्या पायऱ्यांचेही तसेच. अहिल्यादेवींच्या काळात चाकांच्या खुर्चीचा विचार कोण करणार? २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, आणि आजही खुर्चीतला माणूस इथे वरच्या पायरीवरूनच गंगा पाहतो. उतार कुठे आणि कसा करता येईल हा मोठा विषय आहे, त्यावर पुढच्या वर्षी एखाद्या सिव्हिलवाल्याला बोलवा.

हे सगळे परदेशी थेर आहे असे कोणाला वाटत असेल तर महाराष्ट्राकडे पाहा. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉक्टर गुटमान यांनी १९४४ मध्ये कण्याच्या जखमींसाठी विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण फार दिवस जगत नाहीत असेच धरले जाई. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आपले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक केंद्र १९७४ पासून आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली, त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र घरोघरी असावे असे मला वाटते. पदक, नोकरी, संस्था हे पुढचे. त्याआधी माणसाला पलंगावरून खुर्चीवर यावे लागते.

मंडपात प्रसादाच्या टेबलाशेजारी एक फळी, एक खुर्ची आणि एक तखत ठेवले आहे. आरतीनंतर मी तिथे आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी तखताची आणि खुर्चीची उंची मोजून उद्या चिठ्ठीवर आणावी, आमच्या मिस्त्रींनी विसर्जनापर्यंत सहा फळ्या करून द्यायचे कबूल केले आहे. आणि बाकीच्यांनी एकदा पाय न हलवता फळीवरून स्वतः सरकून पाहावे.

गणपती बाप्पा मोरया!