लायसन कोणाला, दंड कोणाला?
(ग्रामसभा मेळाव्यातलं भाषण)



आफ्रिकेत टांझानिया देश आहे. तिथे लोलिओंडो भागात मसाई लोक गुरं चारतात. सिंह त्यांच्या शेजारीच राहतो. जून २०२२ मध्ये सरकारने तिथली १,५०० चौरस किलोमीटर जमीन शिकार-राखीव म्हणून आखली, खुणेचे खांब पुरले. पोलीस आले, माणसं जखमी झाली, चराई बंद. पण परदेशी पाहुण्याला पैसे भरून लायसनवर शिकार करता येते. मुंडकं भिंतीवर लावायला!

ते म्हणतात, त्या पैशातून प्राणी वाचतात. कुठे वाचतही असतील. पण ज्याचं वासरू सिंह नेतो, त्याला कोणी विचारलं का?

आपल्याकडेही साठ-सत्तर वर्षांपूर्वी लायसनवर वाघ मारत. साहेब मचाणावर, आपले आजे हाकारे म्हणून रान उठवायला. फोटो साहेबाचा. आपण ससा मारला तर चोर. १९७२ च्या कायद्याने वाघाला संरक्षण दिलं, ते चांगलंच झालं. वाघोबा आपला देव आहे. पण त्याच्या नावाने गाव उठवू देणार नाही.

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो, आधी हक्क मान्य करा. मग ग्रामसभेची लेखी संमती घ्या. त्याशिवाय अभयारण्यातलं गावसुद्धा हलवता येत नाही. म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. ठराव मोठ्याने वाचायला लावा, मगच हात वर करा.

आणि कलम ५ प्रमाणे प्राणी राखायचं कामही ग्रामसभेचं आहे. फासे लावणारा आपल्यातला असला तरी त्याला अडवा. तरच आपला शब्द टिकेल.

जोहार!