विमानाचा दीड तास



माझा सारा जन्म काळ-वेगाचीं गणितें शिकविण्यांत गेला. अंतरास वेगानें भागा म्हणजे वेळ निघतो, हें मीं मुलांकडून वर्षानुवर्षें घोकून घेतलें. गेल्या हिवाळ्यांत तेंच गणित माझ्या अंगाशीं आलें.

माझे थोरले बंधु नागपुरास आजारी होते. सकाळीं आठ वाजतां मुंबईच्या घरांतून पाऊल बाहेर टाकतांना मीं दूरध्वनीवरून कळविलें, "दादा, निघालोंच. दीड तासाचें तर विमान!" पोहोचलों तेव्हां पावणेदोन झाले होते. दादांनीं साडेनवापासून दाराकडे डोळे लावलेले. जेवणाचें ताट तसेंच झांकलेलें, आणि जेवणानंतरचें औषधही राहून गेलेलें. ते एवढेंच म्हणाले, "अरे, तूं मास्तर ना? मग गणित चुकलें कसें?"

त्या प्रश्नाचा उलगडा आज करावयाचा आहे. प्रथम अंतर पाहूं. मुंबई-नागपूर लोहमार्ग सुमारें ८४० किलोमीटर भरतो. कारण गाडीस घाट चढावा लागतो, गांवें घेत वळावें लागतें. २०२५ सालीं पूर्ण झालेला समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्यें दोरा ताणला, तर अंतर सुमारें ६८० किलोमीटर येतें. विमानाची वाट या दोऱ्याच्या जवळपास असते.

जेट विमान उंचावर ताशी सुमारें ८०० किलोमीटर वेगानें जातें. भागाकार केल्यास एक्कावन्न मिनिटें येतात. मग वेळापत्रकांत दीड तास कां? विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हां जागीं उभें राहीपर्यंतचा वेळ त्यांत धरलेला असतो. चढतांना व उतरतांना वेग कमी असतो. शिवाय मुंबईच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्यामुळें विमानांस आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. हिवाळ्यांत वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. तो जातांना साह्य करतो, परततांना अडवितो. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असें कित्येकांस वाटतें. परंतु हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. हा खेळ वाऱ्याचा.

आतां माझी बेरीज पाहा. एक तास मुंबईच्या रस्त्यांत, दोन विमानतळावर, दीड विमानांत, आणि सामान घेऊन दादांच्या दारापर्यंत सव्वा, एकूण पावणेसहा. माझा भागाकार चुकला नव्हता. उदाहरणच मीं नीट वाचलें नव्हतें. विमान किती वेळ उडतें, हें दादांस नको होतें. मी त्यांच्या उशाशीं केव्हां येईन, एवढेंच त्यांस हवें होतें.

दादा आतां हिंडूंफिरूं लागले आहेत. पुढील खेपेस मीं "दोन वाजतां येतों" असें कळविलें व दीड वाजतांच पोहोचलों. दादा जेवून, औषध घेऊन अंगणांत बसले होते.